मॅनेजरला आठ दिवस द्या

‘त्याला अजून थोडा वेळ द्यायला हवा,’ एवढंच मी बोललो होतो. आणि तेही न्हाव्याच्या खुर्चीत बसून, गळ्याभोवती पांढरं कापड आणि अर्धा चेहरा फेसात असताना. अशा अवस्थेत माणसानं मत देऊ नये. ज्याच्या गळ्याशी वस्तरा आहे त्यानं फक्त ‘हूं’ म्हणावं, हा नियम मी सव्वीस वर्षं पाळत आलो होतो. त्या शनिवारी मोडला.

विषय आमच्या फुटबॉल क्लबच्या मॅनेजरचा होता. मॅनेजर म्हणजे बँकेतला नव्हे. हा संघ निवडतो, खेळाडू बदलतो आणि सामना चालू असताना मैदानाच्या कडेला उभा राहून हातवारे करतो. आमचा संघ ओळीनं आठ सामने हरला होता. सातव्या सामन्यात तर या गृहस्थानं धावणारा एकुलता एक खेळाडू बाहेर बोलावला आणि ज्याच्या पोटरीत गोळा आला होता त्याला आत ठेवला. आठव्यात समोरच्यांनी गोल केला, तेव्हा साऱ्या मैदानात टाळ्या वाजवणारा आमच्या बाजूचा माणूस एकच होता: आमचा मॅनेजर.

‘वेळ?’ न्हावी म्हणाला. वस्तरा हवेत थांबला. ‘आठ सामने दिले! मी एवढ्या वेळात अख्ख्या गावाची हजामत करतो.’

‘तो आपली करतोय,’ बाकावरून कोणीतरी म्हणालं.

बाकावर आमचे भूगोल मास्तर बसले होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण समोर तीनपेक्षा जास्त माणसं दिसली की त्यांचा तास सुरू होतो. ते उठून उभे राहिले. ‘चष्मेवाले बरोबर बोलतायत,’ ते म्हणाले. चष्मेवाले म्हणजे मी. चौकातलं चष्म्याचं दुकान माझं. ‘नदीला खोरं खणायला हजारो वर्षं लागतात. तिला कोणी आठ सामन्यांत काढून टाकत नाही. आपण समिती स्थापन करू. अजून वेळ समिती. अध्यक्ष मी. चिटणीस चष्मेवाले. मान्य?’

वस्तरा पुन्हा गळ्याशी आला होता. मी म्हणालो, ‘हूं.’

हे ‘हूं’ संमती म्हणून लिहून घेण्यात आलं.

माझा दुसरा गाल होईपर्यंत विरोधी समितीही निघाली. नाव ‘आता पुरे’. अध्यक्ष कोण, तर माझा मेहुणा. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. त्याची मोटार शिकवण्याची शाळा आहे. त्याच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक ह्याच्या. वीस वर्षं लोकांच्या शेजारी बसून ब्रेक दाबल्यामुळे कोणाचंही काहीही चालू असलेलं दिसलं की ह्याचा उजवा पाय शिवशिवतो.

‘भाऊजी, तुमचा मान ठेवून सांगतो,’ तो रात्रीच्या जेवणाला आला तेव्हा म्हणाला, ‘त्या माणसाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.’

‘तुला मोटारीतलं तरी कुठे कळतं? तुझा शिकवलेला मागच्या महिन्यात पोस्टाच्या पायऱ्या चढला.’

‘तो चढला. मी ब्रेक दाबला म्हणून तीनच चढला.’

माझी बायको आतून आली. ती दुकानाचं काउंटर सांभाळते आणि फुटबॉलकडे, बावीस मोठी माणसं एका वस्तूवरून भांडतायत, अशा नजरेनं बघते. ‘या घरात दोन समित्या चालणार नाहीत,’ ती म्हणाली. ‘छत्री आणि मतं, दोन्ही दाराबाहेरच्या कोपऱ्यात ठेवायची. आणि तू आमटी सांडू नकोस.’ शेवटचं वाक्य भावाला होतं. तो हातवाऱ्यांनी ऑफसाइड दाखवत होता.

आता हे प्रकरण इथेच थांबलं असतं. पण मास्तरांच्या मते जी गोष्ट लेखी नाही ती घडलेलीच नाही. त्यांनी सोमवारी मला सह्यांचा कागद घेऊन क्लबच्या कचेरीत पाठवलं. एकशे चाळीस सह्या होत्या. त्यातल्या अकरा एकाच माणसाच्या होत्या, कारण आमच्या पेपरवाल्याला सही करायला फार आवडतं.

कचेरीत एक कारकून असतो. क्लब जिंको वा हरो, ह्याच्या चेहऱ्यावर रेघ हलत नाही. हल्ली मला त्यातलं शहाणपण कळायला लागलंय. त्यानं कागद उलटसुलट पाहिला. ‘तक्रार आहे का?’

‘तक्रार नाही. मॅनेजरला राहू द्या असं म्हणणं आहे.’

‘तक्रारीचा फॉर्म आहे,’ तो म्हणाला. ‘समाधानाचा फॉर्म नाही. आजवर कोणी मागितला नाही.’

‘मग कोऱ्या कागदावर घ्या.’

‘कोऱ्या कागदाला नोंद क्रमांक कुठून देऊ? तक्रार म्हणून लिहून द्या. मॅनेजरला काढणार आहेत याबद्दल तक्रार.’

‘पण अजून काढलेलं नाही.’

‘मग काढल्यावर या.’

मी शेवटी तक्रारीचा फॉर्म भरला. ‘तक्रारीचे स्वरूप’ या रकान्यात मी लिहिलं, ‘काही नाही.’ कारकुनानं शिक्का मारला आणि पावती दिली. ती पावती मास्तरांनी समितीच्या फायलीत पहिल्या पानावर लावली. आमची तक्रार काही नाही, अशी अधिकृत नोंद असलेली गावातली ती एकमेव संस्था.

मग पत्रक निघालं. मास्तरांनी मॅनेजरचे गुण लिहायला मला बसवलं. आठ पराभवांतून गुण वेचणं म्हणजे तांदळातून खडे नव्हे, खड्यांतून तांदूळ वेचणं. तरी मी चार काढले. त्यातला तिसरा असा: ‘प्रतिस्पर्ध्याच्या उत्तम खेळालाही खुल्या दिलानं दाद देणारा, खरा खिलाडू वृत्तीचा माणूस.’ हे टाळ्यांबद्दल होतं. वाक्य मला स्वतःला इतकं आवडलं की मी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं. तिनं दोनदा विचारलं, ‘त्याला कळलं होतं ना, गोल कोणी केला ते?’ मी दोनदा हसलो.

शनिवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, दुकानाचं दार उघडलं आणि साक्षात मॅनेजर आत आला. उंचापुरा, पन्नाशीचा, कॉलर वर केलेली. तो सरळ भिंतीशी गेला, तिथल्या आरशात दिसणाऱ्या स्वतःला ‘नमस्कार’ म्हणाला, आणि मग माझ्या आवाजाच्या दिशेनं वळला.

‘तुम्हीच ना, माझ्यासाठी पत्रक काढणारे?’

मला भरून आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी त्या पत्रकाचं नाव चांगल्या सुरात काढत होतं.

‘माणूस विश्वासाचा दिसतोय म्हणून आलो,’ तो म्हणाला. ‘दिसतोय म्हणजे… त्याबद्दलच आलोय. हल्ली मैदानावर धुकं फार असतं.’

‘धुकं? दुपारी चारला?’

‘मलाही तेच नवल वाटतं.’

मी त्याला खुर्चीत बसवलं आणि अक्षरांचा तक्ता लावला. सगळ्यात वरचं अक्षर तळहाताएवढं असतं. ते न वाचलेला माणूस मी सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता. तो म्हणाला, ‘तिथे काही टांगलंय का?’

मी काचांची पेटी उघडली. चाचणीची चौकट त्याच्या नाकावर चढवली आणि एकेक काच घालत गेलो. उणे एक. उणे दोन. उणे तीन, शिवाय तिरपा, म्हणजे सिलिंडरचा नंबर. सव्वातीनवर त्याच्या तोंडून आवाज निघाला. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

‘समोर पाटी आहे!’ तो म्हणाला.

‘चौदा वर्षं आहे.’

‘झाडाला पानं सुटी सुटी असतात!’

‘साहेब,’ मी हळूच विचारलं, ‘तुम्ही खेळाडू ओळखता कसे?’

‘चालीवरून. पण ते दमले की सगळ्यांची चाल सारखीच होते हो.’

‘आणि त्या टाळ्या?’

त्यानं मान खाली घातली. ‘सगळे धावत एकाच्या अंगावर उड्या मारत होते. मला वाटलं, आपलेच.’

माझं तिसऱ्या क्रमांकाचं सुंदर वाक्य माझ्या डोळ्यांसमोर वारलं. दोनदा वाचून दाखवलं होतं मी ते.

तो खेळायचा तेव्हा बचावात असायचा; चेंडू जवळ आला की लाथ मारायची, त्याला लांबचं दिसावं लागत नाही. पुढे नजर अधू झाल्याचं कळायला लागलं, पण लोक काय म्हणतील म्हणून चष्मा टाळला. ‘आठ सामने हरल्यावर चष्मा घातला, तर कपाळावर लिहून घेतल्यासारखंच की,’ तो म्हणाला. ‘तुमच्या पाया पडतो, कोणाला सांगू नका. आधी एक सामना नीट बघू दे. मग काय व्हायचं ते होवो.’

मी शब्द दिला. आमच्या धंद्यात तशीही एक मर्यादा असते. दुसऱ्याच्या डोळ्यांतलं आपण चारचौघांत बोलत नाही. पण एक अडचण होती. तिरप्या नंबराच्या काचा माझ्याकडे तयार नसतात. त्या मोठ्या शहरातल्या कारखान्यात घासून येतात, आणि त्याला आठ दिवस लागतात. पुढचा सामना बरोबर आठ दिवसांनी, रविवारी चारला होता. आणि क्लबचं मंडळ त्याला काढायचं की ठेवायचं हे त्याच संध्याकाळी ठरवणार होतं.

म्हणजे आता त्याला खरोखरच वेळ हवा होता. नदीसारखा नव्हे, मोजून आठ दिवस.

मंडळाची सभा क्लबच्या दिवाणखान्यात भरली. अध्यक्ष म्हणजे गावातले मोठे फर्निचरवाले. ते बोलण्याआधी टेबलाचं लाकूड बोटानं वाजवून बघतात. आधी मेहुण्यानं पंधरा मिनिटं भाषण केलं आणि त्यात ‘ब्रेक’ हा शब्द नऊ वेळा आला. मग मास्तर हिमनद्यांबद्दल बोलले. मग मी उभा राहिलो.

‘माझी एकच विनंती आहे. मॅनेजरना आठ दिवस द्या.’

‘आठच का?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘आठ पुरेत.’

‘इतके दिवस म्हणत होता, मोसम संपेपर्यंत द्या. आज आठ?’

‘हो.’

‘सात दिले तर?’

‘सातात होणार नाही.’

‘काय होणार नाही?’

मी घाम पुसला. ‘ते मला सांगता येत नाही.’

अध्यक्ष पुढे वाकले. ‘पण तुम्हाला माहीत आहे?’

‘माहीत आहे. पण तोंड बांधलेलं आहे. आठव्या दिवशी दुपारच्या बसनं…’ इथे मी जीभ चावली, पण बाण सुटला होता.

मी आयुष्यात इतका महत्त्वाचा कधीच वाटलो नव्हतो. अध्यक्षांनी टेबल वाजवलं, शेजारच्याशी कुजबुजले, आणि आठ दिवस मंजूर झाले. मेहुणा माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू त्याच्या पायाखालचा ब्रेक कोणी काढून नेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीला गेलो. न्हावी कानाशी लागला. ‘किती उंच आहे?’

‘कोण?’

‘बरोबर! तुम्ही नका सांगू. पण परदेशातला आहे म्हणतात.’

संध्याकाळपर्यंत कळलं की दुपारच्या बसनं एक परदेशी खेळाडू येणार आहे, तो सहा फूट तीन इंच आहे, आणि त्याच्याशी बोलणी करणारा माणूस म्हणजे मी. बुधवारी तो सहा फूट पाच झाला. मी नाही म्हणत होतो. पण मी जितका नाही म्हणे तितकं लोक डोळे मिचकावत. शुक्रवारी मास्तरांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, त्याच्या देशाची राजधानी कोणती, म्हणजे स्वागताच्या भाषणात घालता येईल. मी म्हणालो, कसला खेळाडू, कसला देश! ते म्हणाले, ‘समजलो,’ आणि नकाशा घरी घेऊन गेले.

घरी बायको म्हणाली, ‘अहो, तुम्ही नक्की कोणाला बोलावलंय? सकाळपासून अठरा माणसं चष्मा बघायला म्हणून आली. एकानंही चष्मा बघितला नाही.’

तिलाही मी सांगितलं नाही. लग्नानंतर मी तिच्यापासून लपवून ठेवलेली ही दुसरी गोष्ट. पहिली तिला माहीत आहे.

रविवारी तीन वाजता मी पार्सल घ्यायला बसथांब्यावर गेलो. फ्रेम मी कारखान्याकडेच पाठवली होती. काचा बसवून तयार चष्मा ते ड्रायव्हरच्या हाती देणार होते. तिथे निम्मं गाव उभं होतं. फलक होते, एक तुतारी होती, आणि मास्तर एका खोक्यावर चढून घसा खाकरत होते. मला बघताच जयजयकार झाला. ‘वाट द्या! वाट द्या! त्यांना ओळख पटवू द्या!’

बस आली. दार उघडलं. आणि माझं नशीब बघा, पायरीवर जो पहिला माणूस आला तो सहा फूट तीनच्या वरचा होता. हातात जड पेटी. त्यानं अख्खं दार अडवलं होतं आणि माझं पार्सल त्याच्या पलीकडे ड्रायव्हरपाशी होतं.

मी मान वर करून म्हणालो, ‘आलात का? तुमचीच वाट बघत होतो. उतरा लवकर.’ मला म्हणायचं होतं, दारातून हला.

पुढचं मला नीट आठवत नाही. तो माणूस खांद्यांवर गेला. तुतारी माझ्या कानात वाजली. तो बिचारा वरून ओरडत होता, ‘लिफ्ट! अहो, लिफ्ट! मी लिफ्ट!’ लोकांना वाटलं, त्याला अजून वर उचलायला सांगतोय. त्यांनी उचलला. तो गावातल्या एकुलत्या एक दवाखान्याची बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करायला आला होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मिरवणूक त्याला घेऊन मैदानाकडे वळली होती आणि मास्तर मागून त्याच्या देशाचं हवामान सांगत पळत होते.

गर्दी ओसरली तेव्हा बस गेली होती. ड्रायव्हरनं माझं पार्सल खाली दिलं होतं. कोणाच्या हातात, ते कोणालाच माहीत नव्हतं. मी फलाटावर गुडघे टेकून बाकांखाली शोधू लागलो. पँटच्या दोन्ही गुडघ्यांना ग्रीस. चिटणिसाची ही शोभा.

‘हे शोधताय का, भाऊजी?’

मेहुणा उभा होता. हातात माझं पार्सल, फाटलेलं. गर्दीत ते तुडवलं गेलं होतं आणि चष्म्याबरोबरची चिठ्ठी बाहेर लोंबत होती. कारखान्यानं चिठ्ठीवर ठळक अक्षरांत गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं होतं, आणि त्याखाली: दूरचा नंबर, दोन्ही डोळे, उणे सव्वातीन.

त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. आणि तो बाकावर बसला.

मला वाटलं, संपलं. आता हा मैदानावर जाऊन ही चिठ्ठी कर्ण्यातून वाचणार. मॅनेजरचं काही उरणार नाही, आणि मी दिलेल्या शब्दाचंही. मी म्हणालो, ‘हे बघ, तुझ्या बहिणीलाही मी सांगितलेलं नाही. त्या माणसानं माझ्यावर विश्वास टाकला होता.’

मेहुण्याचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडतोय. तो हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ‘म्हणजे आठ सामने… आठच्या आठ… त्यानं बघितलेच नाहीत?’

‘नाही.’

‘आणि त्या टाळ्या…’

‘हो.’

‘आणि तुम्ही लिहिलंत, खुल्या दिलानं…’

‘पुरे आता.’

तो थांबला. डोळे पुसले. मग एकदम गंभीर झाला. ‘भाऊजी, शिकाऊ माणसाला मी नापास करतो. पण समोरची काच पुसून मग. डोळ्यांवर पट्टी असलेल्याला नापास करण्यात काय पुरुषार्थ?’ त्यानं चष्मा माझ्यापुढे धरला. एक काडी काटकोनात वाकली होती. ‘हे सरळ होईल का?’

‘दुकानात. दहा मिनिटं.’

‘पावणेचार वाजलेत. बसा गाडीत.’

त्याच्या गाडीत त्यानं मला शिकणाऱ्याच्या जागेवर बसवलं, कारण त्याला स्वतःच्या जागेवरच बसायची सवय. मला मोटार चालवता येत नाही. पुढची सात मिनिटं मी गाडी चालवली, त्यानं ब्रेक चालवले, आणि पोस्टाच्या पायऱ्या मी फक्त दोनच चढलो. दुकानात मी काडी गरम करून सरळ केली. घाई होती म्हणून बायकोनं फ्रेम धरली. तिनं विचारलं, ‘कोणाचा?’ मी म्हणालो, ‘सांगता येत नाही.’ ती म्हणाली, ‘मॅनेजरला सांगा, काड्या कानामागे घट्ट बसवून घ्या, हातवारे फार करतात.’ तिला सगळं माहीत होतं, पहिल्या दिवसापासून; ऑर्डरचं पुस्तक तीच बघते.

मैदानाच्या फाटकावर तोच कारकून उभा होता. ‘खेळाडूंच्या बाजूला पास लागतो.’

‘तातडीचं आहे.’

‘तातडीच्या पासाला दोन फोटो.’

इथे मेहुणा पुढे झाला. त्यानं छाती काढून सांगितलं, ‘मी आता पुरे समितीचा अध्यक्ष. मला आत्ताच्या आत्ता मॅनेजरच्या तोंडावर तक्रार करायची आहे.’

कारकुनाचा चेहरा उजळला. ‘मग असं म्हणा ना! त्याला फॉर्म आहे.’ त्यानं शिक्का मारला आणि आम्ही दोघं आत गेलो.

मैदानाच्या कडेला राखीव खेळाडूंच्या बाकावर लिफ्टवाला बसला होता, मांडीवर पेटी घेऊन. मॅनेजर त्याच्या खांद्यावर हात ठेवून कळकळीनं समजावत होता. ‘आज तू मागे राहू नकोस. सतत वर जायचं. वर, आणि मग झटकन खाली. जमेल?’

‘साहेब, माझं तेच काम आहे,’ लिफ्टवाला रडवेल्या आवाजात म्हणाला, ‘पण दवाखान्यात.’

मी चष्मा मॅनेजरच्या हातात दिला. पाठ फिरवून त्यानं तो घातला आणि वळला. आधी त्यानं लिफ्टवाल्याकडे पाहिलं. ‘हे कोण?’ मग मैदानाकडे पाहिलं. सामना सुरू झाला होता. पाच मिनिटं तो हलला नाही. एकही हातवारा नाही. मग त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

‘हे…’ त्याचा आवाज खोल गेला होता. ‘हे नेहमी असंच खेळतात?’

‘आज जरा बरं खेळतायत,’ मेहुणा म्हणाला.

तेवढ्यात समोरच्यांनी गोल केला. या वेळी मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या नाहीत. मध्यंतरात त्यानं आपल्या आवडत्या आघाडीवाल्याला जवळ बोलावून नखशिखांत निरखलं आणि म्हणाला, ‘म्हणजे तो तू नव्हेस.’ त्याला बसवलं. दोन महिने बाकावर कुजत असलेल्या एका बुटक्याला आत पाठवलं. दोघांच्या जागा बदलल्या. गोलरक्षकाला गोलापाशी उभं राहायला सांगितलं. हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, कारण तो कुठे असतो हे सांगणाऱ्याला दिसतच नव्हतं. आणि सामना संपायला चार मिनिटं असताना त्या बुटक्यानं मारलेला चेंडू समोरच्या बचावपटूच्या पाठीला, मग खांबाला, मग पंचांच्या पिंढरीला लागून जाळ्यात गेला.

एक-एक! सामना बरोबरीत सुटला. नऊ सामन्यांत पहिल्यांदाच आम्ही हरलो नाही.

मी पाहिलंय, लोक करंडक जिंकूनही इतके नाचत नाहीत. मेहुण्यानं मला मिठी मारली. इथेही एका खोक्यावर चढलेले मास्तर खाली पडले आणि पडल्या जागी टाळ्या वाजवत राहिले. लिफ्टवाल्याला पुन्हा खांद्यावर घेण्यात आलं. त्याच्या येण्यानंच संघाचं नशीब फिरलं, असं सर्वानुमते ठरलं. या वेळी त्यानं विरोध केला नाही, फक्त दवाखान्याच्या दिशेनं न्या म्हणाला. मिरवणूक तशी गेली. लिफ्ट रात्री सुरू झाली. अध्यक्षांनी तिथल्या तिथे पाठीमागच्या लाकडी फळीवर बोट वाजवून जाहीर केलं: मॅनेजर मोसम संपेपर्यंत राहतील. चष्म्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. लोकांना वाटलं, त्या परदेशी माणसाचा काही डावपेच असेल.

सोमवारी सकाळी मॅनेजर दुकानात आला. मी आणि बायको दोघंही काउंटरवर होतो. मला वाटलं, आभार मानायला आला असेल. मी ‘छे छे, त्यात काय’ तोंडात तयार ठेवलं होतं. त्यानं चष्मा काढून काउंटरवर ठेवला. डोळे लाल होते.

‘दुखतोय का? नंबर चुकला?’

‘नंबर अगदी बरोबर आहे,’ तो म्हणाला. ‘तीच तर अडचण आहे. काल मी सगळे बघितले. तो उजवीकडचा, चेंडू आला की डोळे मिटतो. मधला पळतच नाही, पळाल्यासारखे हात हलवतो. बचावातले दोघं सबंध सामनाभर आपसांत बोलत होते. काय बोलत होते तेही मला ओठांवरून कळलं. जमिनीचा व्यवहार!’ त्यानं खुर्ची ओढून घेतली. ‘आठ सामने मी यांच्यासाठी जीव तोडून ओरडलो. वाटायचं, पोरं झटतायत, नशीब साथ देत नाही. रोज शांत झोपायचो हो मी. काल डोळ्याला डोळा लागला नाही. आणि आता अजून अकरा सामने. तुम्हीच ना, मला वेळ मिळवून दिलात?’

मी काउंटरवरच्या फ्रेम नीट लावायला घेतल्या. चिटणिसाला असे प्रसंग येतात.

त्यानं चष्मा माझ्याकडे सरकवला. मग ओशाळून म्हणाला, ‘एक विचारू? हा नंबर थोडा कमी करून मिळेल का? अगदी धुकं नको. आपलाच माणूस आहे एवढं कळावं. पण तो काय करतोय, ते जरा मऊ दिसावं.’

माझा धंद्यातला सगळा अभिमान जागा झाला. ‘साहेब,’ मी ताठ होऊन म्हणालो, ‘सव्वीस वर्षांत मी जाणूनबुजून कोणाला चुकीचा चष्मा दिलेला नाही. मला ते शक्य नाही.’

‘द्या हो करून,’ बायको म्हणाली. तिनं चष्मा उचलला, फडक्यानं पुसला आणि ऑर्डरचं पुस्तक पुढे ओढलं. ‘अर्धा नंबर कमी लिहिते. आपल्या माणसांकडे तसंच बघावं लागतं.’

मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, माझ्या कालच्याच, ग्रीस लागलेल्या पँटकडे पाहिलं, आणि मॅनेजरला म्हणाली, ‘मी तेवीस वर्षं तोच नंबर वापरतेय. काही त्रास होत नाही.’